बिली वाइल्डरच्या चित्रपटांची क्रमवारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या हॉलिवूडचे चाहते एकत्र जमले आणि बिली वाइल्डरचं नाव निघालं की याद्या सुरू होतात. ‘सनसेट बुलेवार्ड’ वर की ‘द अपार्टमेंट’ वर? ‘सम लाइक इट हॉट’ पहिल्या तिनांत हवा की नको? उतारवयातल्या चित्रपटांना मोजायचं की दुर्लक्ष करायचं? या वादांत हटकून येणारे प्रश्न खाली घेतले आहेत. उत्तरं एका चाहत्याची आहेत, तटस्थ परीक्षकाची नाहीत. बऱ्याच चित्रपटांचे शेवटही त्यांत उघड झाले आहेत, त्यामुळे ज्यांनी काहीच पाहिलं नसेल त्यांनी आधी ‘सुरुवात कुठून करावी’ हा प्रश्न वाचावा आणि मग सवडीने परत यावं.

बिली वाइल्डर कोण, थोडक्यात सांगाल का?

जन्म १९०६ चा, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या आणि आजच्या पोलंडमधल्या एका छोट्या गावात, ज्यू कुटुंबात. आधी व्हिएन्नात आणि मग बर्लिनमध्ये वार्ताहर, नंतर पटकथाकार. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले तसं त्याने बर्लिन सोडलं, पॅरिसमध्ये थोडा काळ काढला आणि १९३४ मध्ये अमेरिका गाठली. इंग्रजी तिथे जाऊनच शिकला. आई मागेच राहिली होती. ती नाझींच्या नरसंहारात गेली. १९४२ पासून १९८१ पर्यंत त्याने दिग्दर्शन केलं आणि जवळजवळ प्रत्येक पटकथेत स्वतः हात घातला. ऑस्करची २१ नामांकनं मिळाली, त्यातली १२ लेखनासाठी. सहा वेळा पुरस्कार मिळाला. २००२ मध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी तो गेला.

क्रमवारीत नेमके किती चित्रपट धरायचे?

पंचवीस. ‘द मेजर अँड द मायनर’ (१९४२) पासून ‘बडी बडी’ (१९८१) पर्यंत. त्याआधी पॅरिसमध्ये त्याने एक फ्रेंच चित्रपट (१९३४) दुसऱ्या दिग्दर्शकासोबत केला होता. तो कुतूहल म्हणून पाहावा, पण यादीत घेऊ नये. १९४५ मध्ये अमेरिकी सैन्यासाठी छळछावण्यांवरच्या ‘डेथ मिल्स’ या माहितीपटाचं काम त्याने पाहिलं. त्यालाही क्रमांक देण्याच्या भानगडीत पडू नये. ती वस्तूच वेगळी आहे.

‘निनॉच्का’ (१९३९) त्याने लिहिला, पण दिग्दर्शन अर्न्स्ट लुबिचचं. लुबिच हा त्याचा गुरू. ‘लुबिचने हे कसं केलं असतं?’ अशी पाटी त्याच्या कचेरीत टांगलेली असे. तरीही ‘निनॉच्का’ लुबिचच्या यादीत जातो.

चित्रपटांना नंबर द्यायचेच कशाला? कला म्हणजे काय शर्यत आहे?

शर्यत नाहीच. पण नंबर लावायला बसलं की दोन चित्रपट शेजारी ठेवावे लागतात, आणि शेजारी ठेवले की एरवी न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात. ‘डबल इन्डेम्निटी’ आणि ‘द अपार्टमेंट’ ही दोन नावं एका दमात घेतली की लक्षात येतं, दोन्हींत एक विमा कंपनी आहे, दोन्हींत फ्रेड मॅकमरी आहे, आणि दोन्हींत एक माणूस आपल्या जवळची वस्तू चुकीच्या माणसाला वापरू देतो. एकेकटे पाहताना हे मनात येत नाही. वर्षा-दोन वर्षांनी यादी पुन्हा मांडली की आपण काय म्हणून बदललो हेही कळतं. तेवढ्यासाठी हा खटाटोप करावा.

मग निकष कोणता लावायचा? कथा, अभिनय, विनोद, छायाचित्रण?

हे सगळं वाइल्डरकडे बहुतेक वेळा उत्तमच असतं, त्यामुळे त्यावरून निवाडा होत नाही. माझा निकष वेगळा आहे.

वाइल्डरच्या चित्रपटांत प्रत्येक जण काहीतरी विकत असतो. ‘डबल इन्डेम्निटी’चा वॉल्टर नेफ विमा विकतो आणि मग सचोटी विकतो. ‘सनसेट बुलेवार्ड’चा ज्यो गिलिस लेखणी विकतो, पुढे स्वतःलाच. ‘एस इन द होल’चा पत्रकार गुहेत अडकलेल्या माणसाचे प्राण विकतो. ‘द अपार्टमेंट’चा बॅक्स्टर घराची किल्ली विकतो. ‘सम लाइक इट हॉट’मधले दोघे जीव वाचवण्यासाठी आपलं पुरुषपण तात्पुरतं गहाण टाकतात. प्रत्येक कथेच्या मुळाशी सौदा आहे. आता दिग्दर्शकाने त्या सौद्याची किंमत पात्राकडून पुरी वसूल केली का, की शेवटी हात आखडता घेतला? आणि वसूल करताना त्या माणसाबद्दलची कणव शाबूत ठेवली का? या दोन प्रश्नांवर मी वरखाली करतो. चांगले वाइल्डर आणि थोर वाइल्डर इथे वेगळे होतात.

पहिला कोणता?

‘द अपार्टमेंट’, १९६०. याबद्दल मला शंका नाही.

न्यूयॉर्कमधल्या एका अवाढव्य विमा कंपनीत ३१,२५९ कर्मचारी आहेत. हा आकडा नायकच सुरुवातीला सांगतो. सी. सी. बॅक्स्टर त्यांतला एक. वरिष्ठांना आपापल्या प्रेमप्रकरणांसाठी जागा हवी असते, म्हणून तो संध्याकाळी त्यांना घराची किल्ली देतो आणि स्वतः थंडीत रस्त्यावर ताटकळतो. बदल्यात बढती. मग सर्वांत वरचा साहेब शेल्ड्रेक किल्ली मागतो, आणि तो जिला घेऊन येणार ती लिफ्ट चालवणारी फ्रॅन क्यूबेलिक असते, बॅक्स्टरला मनापासून आवडणारी.

हे त्याला कसं कळतं ते पाहा. घरात राहिलेला तडा गेलेला छोटा आरसा त्याने शेल्ड्रेकला परत केलेला असतो. नाताळच्या पार्टीत तो नव्या हॅटची ऐट करतोय, कशी दिसते ते बघायला फ्रॅन पर्समधला आरसा पुढे करते. तोच तडा. बॅक्स्टर स्वतःच्या दुभंगलेल्या चेहऱ्याकडे बघतो. आरसा फुटलाय, एवढंच तो म्हणतो. ती म्हणते, माहीत आहे, मला तसाच आवडतो, मला जसं वाटतं तशी मी त्यात दिसते. दोघांचीही मनं मोडल्याचं दोघांनाही पुरतं ठाऊक नाही आणि आपल्याला मात्र सगळं ठाऊक आहे. संवाद म्हणाल तर जेमतेम दोन ओळी. पटकथा लिहू पाहणाऱ्याने हा प्रसंग पुन्हा पुन्हा पाहावा.

पुढे फ्रॅन त्याच घरात झोपेच्या गोळ्या घेते. विनोदी म्हणवणारा चित्रपट अर्ध्यावर इथे येऊन थांबतो आणि तरी मोडत नाही. शेजारचे डॉक्टर ड्रायफस तिला वाचवतात आणि बॅक्स्टरलाच लफंगा समजून सुनावतात : माणूस हो. बॅक्स्टर खरं सांगून स्वतःला सोडवून घेऊ शकला असता. तो गप्प बसतो. शेवटी शेल्ड्रेक पुन्हा घराची किल्ली मागतो, तेव्हा बॅक्स्टर त्याच्या हातात साहेबलोकांच्या खास स्वच्छतागृहाची किल्ली ठेवतो. बढतीचं चिन्ह परत गेलं, घर वाचलं, नोकरी सुटली. किंमत पूर्ण चुकती झाली. आणि त्यानंतरही वाइल्डर गोड होत नाही. बॅक्स्टर प्रेम असल्याचं सांगतो, फ्रॅन पत्ते पुढे करून म्हणते, गप्प बस आणि वाट. चुंबन नाही, मिठी नाही.

या चित्रपटाला दहा ऑस्कर नामांकनं आणि पाच पुरस्कार मिळाले. निर्माता, दिग्दर्शक आणि सहलेखक म्हणून त्यातले तीन एकट्या वाइल्डरच्या नावावर होते. पण पुरस्कार नसते तरी माझ्या यादीत तो पहिलाच राहिला असता.

‘सनसेट बुलेवार्ड’ पहिला का नाही? बहुतेक याद्यांत तोच वर असतो.

असतो खरा. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या १९९८ च्या शंभरांत तो १२ वा होता, ‘द अपार्टमेंट’ थेट ९३ वा. २००७ मध्ये पुन्हा यादी झाली तेव्हा ‘सनसेट’ १६ वर आला आणि ‘अपार्टमेंट’ ८० वर चढला. दिशा माझ्या बाजूची आहे एवढंच म्हणतो.

‘सनसेट’चं धाडस मात्र आजही थक्क करतं. तरणतलावात पालथा तरंगणारा मृतदेह आपली गोष्ट सांगतो. मूळ सुरुवात तर याहून वेगळी होती : शवागारात प्रेतं एकमेकांशी बोलतात. चाचणी खेळाला प्रेक्षक हसत सुटले, म्हणून ती कापली. तलावातल्या प्रेताचा चेहरा खालून दिसतो ती चौकट तळाशी आरसा ठेवून, त्यातलं प्रतिबिंब वरून टिपून मिळवली आहे.

आणि पात्रयोजना बघा. विस्मरणात गेलेली मूकपटांची राणी नॉर्मा डेस्मंड साकारते ग्लोरिया स्वॉन्सन, जी स्वतः मूकपटांची राणी होती. तिचा नोकर मॅक्स म्हणजे एरिख फॉन श्ट्रोहाइम. त्याने स्वॉन्सनला घेऊन सुरू केलेला ‘क्वीन केली’ अर्धवट राहिला होता, आणि नॉर्मा आपल्या बंगल्यात जो जुना चित्रपट लावते तो ‘क्वीन केली’च. दिग्दर्शक सेसिल बी. डिमिल स्वतःच्याच भूमिकेत येतो. पत्त्यांच्या टेबलावर मूकपटांतला विनोदवीर बस्टर कीटन बसलेला दिसतो. हॉलिवूडने आपली जिवंत भुतं इतक्या उघडपणे पडद्यावर आधी कधी आणली नव्हती.

तिसरा क्रमांक का, तर गिलिसमुळे. विल्यम होल्डन अप्रतिम आहे, पण गिलिस पहिल्या चौकटीतच मेलेला आहे. त्याने कितीही विकलं तरी निकाल आधी लागलेला. नॉर्माची शोकांतिका आपल्याला गिळून टाकते आणि त्याच्या सौद्याकडे लक्षच राहत नाही. ज्यांच्यासाठी हा चित्रपट नॉर्माचाच आहे त्यांनी तो खुशाल पहिला ठेवावा. त्यांच्याशी मी भांडणार नाही.

दुसरा मग ‘डबल इन्डेम्निटी’?

हो. १९४४ चा हा चित्रपट पुढच्या दहा वर्षांतल्या असंख्य गुन्हेपटांचा पाया आहे. मूळ कादंबरी जेम्स केनची, पटकथा वाइल्डर आणि रेमंड चँडलर यांची. दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नव्हतं, आणि त्या तणावातून अमेरिकी पडद्यावरचे सर्वांत धारदार संवाद निघाले. सुरुवातीलाच जखमी नेफ ध्वनिमुद्रण यंत्रासमोर कबुली देतो : पैशासाठी आणि बाईसाठी मारलं, पैसा मिळाला नाही, बाईही मिळाली नाही. सौदा आणि तोटा एका वाक्यात.

पण मला हा चित्रपट आवडतो तो कीजसाठी. एडवर्ड जी. रॉबिन्सनचा हा दावे तपासणारा अधिकारी नेफवर मुलासारखं प्रेम करतो. संपूर्ण चित्रपटभर कीजकडे काडी नसते आणि नेफ अंगठ्याच्या नखाने काडी ओढून त्याचा सिगार पेटवून देतो. शेवटी नेफ दारात कोसळलाय, ओठांत सिगारेट आहे, हात चालत नाही. तेव्हा कीज काडी ओढतो. वाइल्डरने नेफला गॅस चेंबरमध्ये पाठवण्याचा शेवट चित्रित केला होता. तो त्याने काढून टाकला, कारण त्या काडीनंतर सांगण्यासारखं काही उरत नव्हतं. आपणच खर्चून उभं केलेलं दृश्य कापायला मोठा दिग्दर्शक लागतो.

सात नामांकनं, एकही ऑस्कर नाही.

‘सम लाइक इट हॉट’ इतका खाली कसा? आणि ‘अशी ही बनवाबनवी’ त्यावरूनच घेतलाय ना?

दुसऱ्या प्रश्नाचं आधी. नाही. सचिन पिळगांवकरांच्या १९८८ च्या ‘बनवाबनवी’चं मूळ हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’मध्ये (१९६६) आहे, आणि त्याचं एका बंगाली चित्रपटात. तिथे अडचण भाड्याच्या खोलीची आहे, गुंडांची नाही. ‘सम लाइक इट हॉट’वरून आला तो ऋषी कपूर आणि पेंटलचा ‘रफू चक्कर’ (१९७५). वाइल्डरने तरी कल्पना कुठे स्वतः शोधली होती? बायकांच्या वाद्यवृंदात शिरणारे पुरुष वादक आधीच्या एका फ्रेंच आणि एका जर्मन चित्रपटात होते. पण १९२९ चं शिकागो, गुंडांनी घातलेला रक्तपात आणि तो चुकून पाहिलेले दोन साक्षीदार ही भर वाइल्डर आणि सहलेखक डायमंडची. मृत्यू पाठीशी लागला म्हणून तो विनोद इतका पळतो.

आता क्रमांक. पाचवा हा काही ‘खाली’ नाही. विनोदी चित्रपट म्हणून माझ्यासाठीही तो जगात पहिला आहे, आणि बीबीसीने २०१७ मध्ये जगभरच्या समीक्षकांना विचारलं तेव्हा त्यांनीही तेच सांगितलं. जॅक लेमन खुळखुळे वाजवत साखरपुड्याची बातमी देतो तो प्रसंग घ्या. प्रेक्षकांच्या हसण्यात पुढचे शब्द बुडू नयेत म्हणून वाइल्डरने त्याच्या हातात खुळखुळे दिले आणि प्रत्येक वाक्यानंतर नाचायला जागा ठेवली. केवढा हा हिशेब! शेवटचं ‘कोणीच परिपूर्ण नसतं’ हे वाक्य डायमंडचं. आणखी चांगलं सुचेपर्यंत असू दे म्हणून ठेवलेलं, ते कायमचं राहिलं.

तरीही पहिल्या चारांत पात्रांना जी किंमत मोजावी लागते ती इथे नाही. टोनी कर्टिसचा ज्यो वाद्यवृंदातल्या गायिकेला, शुगरला, फसवतो आणि तिने त्याला माफ करायला एक गाणं पुरतं. चित्रपटाच्या जातीला ते शोभतं. माझ्या निकषाला थोडं कमी पडतं.

चौथा कोणता? मध्ये एक राहिला.

‘एस इन द होल’, १९५१. कर्क डग्लसचा चक टेटम हा मोठ्या शहरांतून हाकललेला पत्रकार न्यू मेक्सिकोतल्या एका लहान वर्तमानपत्रात दिवस काढतोय. जुन्या डोंगरातल्या गुहेत लिओ मिनोसा नावाचा माणूस अडकतो. भिंतींना आधार देत गेलं तर काही तासांत तो बाहेर येईल. टेटम शेरीफला आणि कंत्राटदाराला पटवतो की डोंगरमाथ्यावरून भोक पाडू या, म्हणजे बातमी आठवडाभर चालेल. बाहेर मोटारी येतात, तंबू लागतात, जत्रा भरते, पाळणे फिरतात. आत लिओ मरतोय आणि टेटमला आपला एकमेव मित्र मानतोय.

कथेमागे १९२५ मध्ये केंटकीतल्या गुहेत अडकून मेलेल्या फ्लॉइड कॉलिन्सची खरी घटना होती. पत्रकारांनी चित्रपट झोडपला, प्रेक्षकांनी पाठ फिरवली. आपण जत्रेतली माणसं आहोत हे पडद्यावर बघायला कुणाला आवडतं? आज बोअरवेलमध्ये पडलेल्या मुलावर चोवीस तास रोखलेले कॅमेरे पाहिलेल्या माणसाला हा चित्रपट समजावून सांगावा लागत नाही. गेल्या काही दशकांत चाहत्यांच्या याद्यांत सर्वांत जास्त वर सरकलेला वाइल्डर बहुधा हाच असेल. सरकलाच पाहिजे होता.

ऑस्करवरून क्रम का लावू नये?

मग ‘द लॉस्ट वीकेंड’ (१९४५) ‘डबल इन्डेम्निटी’च्या कितीतरी वर जाईल. त्याला चार ऑस्कर मिळाले, मुख्य चित्रपटाचाही. दारूच्या आहारी गेलेल्या लेखकाची ही गोष्ट त्या काळी फार धीट होती, कारण तोवर पडद्यावरचा दारुडा बहुतेक हसवण्यासाठी असे. टाइपरायटर गहाण टाकायला रे मिलंड न्यूयॉर्कच्या थर्ड अव्हेन्यूवरून मैलोन् मैल फिरतो आणि ज्यूंच्या सणामुळे सगळी दुकानं बंद असतात, ती पायपीट विसरता येत नाही. पण शेवट घाईने सावरलेला आहे. दहाव्या-अकराव्या जागी ठेवतो.

वाइल्डर कडवट, माणूसघाणा होता असं का म्हणतात?

हा आरोप सर्वांत जड शब्दांत केला समीक्षक अँड्र्यू सॅरिसने. १९६८ च्या त्याच्या ‘द अमेरिकन सिनेमा’ या पुस्तकात अमेरिकी दिग्दर्शकांची श्रेणीवार मांडणी होती. त्या काळच्या चाहत्यांवर तिचा फार मोठा प्रभाव. वाइल्डरला त्याने ‘वाटतो त्यापेक्षा कमी’ अशा अर्थाच्या गटात टाकलं, ह्यूस्टन, कझान, डेव्हिड लीन यांच्या सोबत. वाइल्डर इतका कुत्सित आहे की स्वतःच्या कुत्सितपणावरही त्याचा विश्वास नाही, असा त्याचा सूर. १९९१ मध्ये मात्र त्याच सॅरिसने वाइल्डरची जागा सर्वोच्च श्रेणीत का आहे यावर लेख लिहिला आणि आपला जुना निकाल मागे घेतला.

मला हा आरोप कधीच पटला नाही. ज्याचं घर, गाव आणि आई युरोपात संपवली गेली त्या माणसाने माणसांबद्दल गोड बोलावं ही अपेक्षाच चुकीची आहे. तरीही त्याच्या चित्रपटांत कीज आहे, डॉक्टर ड्रायफस आहे. माणूसघाणा दिग्दर्शक अशी माणसं लिहीत नाही. तो भाबडा नव्हता, एवढंच खरं.

ब्रॅकेटबरोबरचा काळ चांगला की डायमंडबरोबरचा?

दोघेही वाइल्डरचे सहलेखक. चार्ल्स ब्रॅकेटबरोबर ‘द लॉस्ट वीकेंड’, ‘अ फॉरेन अफेअर’, ‘सनसेट बुलेवार्ड’. आय. ए. एल. डायमंडबरोबर १९५७ पासून अखेरपर्यंत १२ चित्रपट. ब्रॅकेट उच्चभ्रू, सनातनी अमेरिकी. डायमंड वाइल्डरसारखाच पूर्व युरोपातून आलेला. ब्रॅकेट त्याला आवर घालायचा आणि डायमंड त्याला साथ द्यायचा, असा ढोबळ फरक दिसतो. माझा कल डायमंडकडे. पण पहिल्या पाचांतले ‘डबल इन्डेम्निटी’ आणि ‘एस इन द होल’ या दोघांशिवाय झाले हेही विसरू नये.

त्याच्या चित्रपटांना दृश्यशैलीच नाही, नुसते संवाद आहेत, हे खरं का?

खोटं. कॅमेऱ्याने स्वतःकडे लक्ष वेधू नये असं त्याला वाटायचं, इतकंच. ‘डबल इन्डेम्निटी’त पट्ट्यांच्या पडद्यातून येणारा धुळकट उजेड छायाचित्रकार जॉन साइट्झचा. ‘द अपार्टमेंट’मधली ती अंतहीन कचेरी कलादिग्दर्शक अलेक्झांडर ट्रॉनरने स्टुडिओत उभारली : मागे जावं तशी टेबलं लहान होत जातात आणि त्यांच्यामागे बसलेली माणसंही ठेंगणी. नजर फसते आणि बॅक्स्टरचं क्षुद्रपण शब्दांविना कळतं. याला शैली नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

‘विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन’ वाइल्डरचा की अगाथा ख्रिस्तीचा?

सांगाडा ख्रिस्तीचा. पण आजारी बॅरिस्टर आणि त्याला धाकात ठेवणारी नर्स ही जोडी (चार्ल्स लॉटन आणि एल्सा लँचेस्टर, प्रत्यक्षात नवरा-बायको) वाइल्डरची करामत. नर्स हे पात्र मूळ नाटकात नव्हतंच. सहावा क्रमांक आनंदाने.

ऑड्री हेपबर्नचे दोन चित्रपट आज खटकतात का?

‘सॅब्रिना’त (१९५४) बोगार्ट तिच्याहून जवळजवळ ३० वर्षांनी मोठा, ‘लव्ह इन द आफ्टरनून’मध्ये (१९५७) गॅरी कूपर २८ वर्षांनी. खटकतं, विशेषतः दुसऱ्यात. ‘सॅब्रिना’ तिच्या तेजावर आणि होल्डनच्या खोडकरपणावर तरून जातो. ‘लव्ह इन द आफ्टरनून’च्या शेवटच्या रेल्वे स्थानकावरच्या प्रसंगात ती गाडीबरोबर धावत खोटे प्रियकर मोजत राहते तेव्हा मात्र माझा विरोध विरघळतो.

१९६१ नंतर वाइल्डर संपला, असं म्हणतात.

हे म्हणणाऱ्यांनी ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ शेरलॉक होम्स’ (१९७०) पुन्हा पाहावा. तीन तासांहून लांब असलेला हा चित्रपट वितरणाआधी दोन तासांच्या आसपास आणला गेला. कापलेल्या भागातलं बरंचसं कायमचं हरवलं. उरलंय ते सुद्धा इतकं हळवं आहे की पूर्ण चित्रपट पहिल्या तिनांत आला असता असं मला मनापासून वाटतं. बुद्धीचा गर्व असलेल्या होम्सला एक बाई फसवते, आणि ती गेल्याचं पत्र येतं तेव्हा तो वॉटसनकडे फक्त कोकेनची बाटली मागून आपल्या खोलीत जातो. मागे संगीतकार मिक्लोश रोझाचं व्हायोलिन. या चित्रपटासाठी बनवलेला राक्षस चित्रीकरणात लॉख नेस सरोवरात बुडाला होता, तो २०१६ मध्ये तळाशी सापडला.

‘अवांती!’ (१९७२) हा दुसरा. इटलीच्या एका बेटावर वडिलांचं शव ताब्यात घ्यायला आलेला तुसडा अमेरिकी हळूहळू वडिलांसारखा होत जातो. लांबी जास्त आहे, पण इतका निवांत वाइल्डर दुसरा नाही.

‘वन, टू, थ्री’ (१९६१) बर्लिनमध्ये चालू असतानाच तिथे भिंत उभी राहिली आणि ब्रँडेनबुर्ग दरवाजा म्युनिकमध्ये खोटा बांधावा लागला. त्या घटनेने विनोदाची हवाच काढली आणि चित्रपट पडला. १९८५ मध्ये जर्मनीत पुन्हा लागला तेव्हा मात्र गर्दी झाली. ‘इर्मा ला दूस’ (१९६३) भरपूर चालला, आपल्याकडे शम्मी कपूरने त्यावरून ‘मनोरंजन’ (१९७४) केला. माझ्या यादीत तो मधोमध. ‘किस मी, स्टुपिड’ (१९६४) धार्मिक संघटनांनी धिक्कारला. त्यातल्या दोन बायका एका रात्रीपुरत्या आयुष्यांची अदलाबदल करतात तो भाग काळाच्या पुढचा आहे, बाकी कर्कश.

तळाला कोण?

‘बडी बडी’. लेमन आणि वॉल्टर मॅथाऊ असूनही. त्याच्या वर ‘द एम्परर वॉल्ट्झ’ (१९४८), मग ‘द फ्रंट पेज’ (१९७४). ‘द सेव्हन इयर इच’ही (१९५५) मी बराच खाली ठेवतो. मेरिलिनचा पांढरा झगा जगप्रसिद्ध आहे, पण मूळ नाटकात नवरा खरोखर घसरतो आणि सेन्सॉरमुळे पडद्यावर तो घसरत नाही. सौदाच होत नाही, तर किंमत कसली?

पहिले दहा एकदा ओळीने सांगा.

द अपार्टमेंट, डबल इन्डेम्निटी, सनसेट बुलेवार्ड, एस इन द होल, सम लाइक इट हॉट, विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन, द प्रायव्हेट लाइफ ऑफ शेरलॉक होम्स, स्टॅलाग १७, अ फॉरेन अफेअर, द लॉस्ट वीकेंड. आठव्यापासून पुढे माझं मत दर वेळी डळमळतं; ‘सॅब्रिना’ दारातच उभी असते.

काहीच पाहिलेलं नाही. सुरुवात कुठून करावी?

‘विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन’पासून. कोर्टातलं नाट्य, शेवटची कलाटणी, घरातल्या सगळ्यांना बसवता येतो. मग ‘सम लाइक इट हॉट’. मग ‘डबल इन्डेम्निटी’, शक्यतो रात्री. ‘द अपार्टमेंट’ त्यानंतर, आणि तो एकट्याने पाहिला तरी चालेल. ‘एस इन द होल’ लगेच घेऊ नये. वाइल्डरची ओळख झाल्यावर तो जास्त झोंबतो.

‘द बिग कार्निव्हल’ नावाचा वाइल्डरचा चित्रपट कुठल्या क्रमांकावर?

तो वेगळा चित्रपट नाही. ‘एस इन द होल’ पडल्यावर पॅरामाउंटने त्याला हे नाव देऊन पुन्हा बाजारात आणलं होतं. काही जुन्या प्रतींवर आणि पोस्टरांवर तेच नाव दिसतं. यादीत दोनदा मोजू नये.